कमी माल काढला तेव्हा शाबासकी, जास्त काढला तेव्हा जाब : स्टॅटिक बजेट की फ्लेक्झिबल?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. चाकणमधल्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात मी कॉस्टिंग बघते. आमच्या मशिनशॉपच्या बजेटवरून मीटिंगमध्ये जे चाललंय ते मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढला. स्टॅटिक बजेट म्हणजे एकदा मंजूर केलेला आकडा तसाच ठेवायचा, फ्लेक्झिबल म्हणजे प्रत्यक्ष निघालेल्या नगांप्रमाणे तो नव्याने मांडायचा.

विभागात ८ व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची मशिनं). दोन शिफ्ट, महिन्याला २५ दिवस, शिफ्टमागे निव्वळ साडेसात तास, म्हणजे ३,००० मशिन-तास. ट्रॅक्टरच्या हाउसिंगचे बरेच प्रकार आम्ही जॉबवर्कवर मशिनिंग करून देतो. कास्टिंग (ओतीव भाग) ग्राहकाचंच, त्यामुळे कच्च्या मालाचा प्रश्न नाही. नगाला १८ मिनिटं धरून महिन्याचं बजेट १०,००० नगांचं. खर्च असा मंजूर झालाय:

टूलिंग (इन्सर्ट, ड्रिल, टॅप) : नगामागे १८ रुपये
कूलंट, तेल, किरकोळ सामान : नगामागे ७
कंत्राटी कामगार : नगामागे २५
वीज : दरमहा ६०,००० ठरलेले, अधिक नगामागे ९
देखभाल : दरमहा ४०,०००, अधिक नगामागे ६
कायम कामगार आणि सुपरवायझर : ३,२०,०००
घसारा : २,३०,०००

बेरीज १३,००,०००. यातले साडेसहा लाख नगांबरोबर हलणारे (नगामागे ६५), साडेसहा लाख काहीही झालं तरी लागणारे.

मागच्या महिन्याआधीच्या महिन्यात शेड्यूल पडलं, ७,६०० नग निघाले. खर्च झाला १२,०५,०००. रिपोर्टमध्ये '९५,००० वाचले' असं हिरव्या रंगात आलं आणि विभागाचं कौतुक झालं. मागच्या महिन्यात १२,००० नग काढले, खर्च १४,०५,०००. आता '१,०५,००० जादा', लाल रंगात, आणि शॉपच्या इन्चार्जला लेखी खुलासा मागितला.

मी फ्लेक्झिबल करून बघितलं. ७,६०० नगांना खर्च ११,४४,००० व्हायला हवा होता, म्हणजे त्या महिन्यात ६१,००० जास्त गेले. १२,००० नगांना १४,३०,००० चालले असते, म्हणजे २५,००० कमी लागले. कौतुक आणि खुलासा, दोन्हींची अदलाबदल झालीय.

फायनान्सचे साहेब म्हणतात, एकदा बोर्डाने मंजूर केलेलं बजेट हलवायचं नाही. प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, फ्लेक्झिबल म्हणजे महिना संपल्यावर परीक्षेचा पेपर काढायचा. तुमच्याकडे काय करतात? आणि फ्लेक्झिबल आणलंच, तर वरिष्ठांना कसं पटवलंत?

शिफ्ट_बी

ताई, तो खुलासा मागितलेला माणूस मीच आहे असं वाटलं वाचताना. मी वाळूजला, प्रेसशॉप. आमच्याकडे २०२१ मध्ये सेमीकंडक्टरच्या टंचाईने गाड्यांची शेड्यूल कोसळली, तेव्हा कंझ्युमेबल्सचा खर्च बजेटच्या खाली आला म्हणून सत्कार व्हायचा बाकी होता. प्रत्यक्षात डायसेटिंग (प्रेसवर साचा बसवणं) पूर्वीइतकीच, लॉट मात्र चिमुकले. ज्या महिन्यात पोरं रात्री जागून ऑर्डर पुरी करतात, नेमका त्याच महिन्याचा रिपोर्ट लाल येतो. हे शॉपवर फार लागतं हो मनाला. पोरं विचारतात, 'साहेब, कमी काम केलं असतं तर बरं झालं असतं का?' याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

आयएसओ_मामा

+१ शिफ्ट_बी.

जुना_प्लांटहेड

जरा दुसरी बाजू मांडतो. स्टॅटिक बजेट इतकं टाकाऊ नाही. वर्षाच्या सुरुवातीला आपण मालकाला, बँकेला, विक्री विभागाला एक शब्द दिलेला असतो, की इतका माल, इतका खर्च, इतका नफा. खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना बँक आकडे मागते ते ठराविक उत्पादनावरचेच मागते. 'जसं होईल तसं' असं बँकेला सांगता येत नाही. नवीन मशिन घ्यायचं की नाही, किती माणसं कायम करायची, हे सगळं एका आकड्यावर बसतं. तो आकडा दर महिन्याला सरकवला तर वर्षाअखेर कोणालाच आठवत नाही की आपण निघालो कुठे होतो.

फ्लेक्झिबलचा दुसरा धोका सांगतो. २,४०० नग कमी निघाले, ही त्या महिन्यातली सगळ्यात मोठी घटना. तुमच्या फ्लेक्झिबल रिपोर्टात ती दिसतच नाही, कारण तुम्ही बजेटच ७,६०० वर आणून ठेवलंत.

एकशेसाठ_रुपये

जुना_प्लांटहेड साहेबांशी सहमत, आणि मी विक्रीतला आहे तरी म्हणतोय. ताई, नगामागे मशिनिंगचा दर काय मिळतो? तो धरून मांडा, मग कळेल घाव कुठे बसला.

जमाखर्च

@एकशेसाठ_रुपये, गंमत म्हणजे तुमच्या नावातच उत्तर आहे, आमचा सरासरी दर नगाला १६० च आहे :)

७,६०० च्या महिन्याचं मांडते, तीन रकाने:

मंजूर (१०,००० नग) : उत्पन्न १६,००,०००, खर्च १३,००,०००, शिल्लक ३,००,०००
फ्लेक्झिबल (७,६०० नग) : उत्पन्न १२,१६,०००, खर्च ११,४४,०००, शिल्लक ७२,०००
प्रत्यक्ष (७,६०० नग) : उत्पन्न १२,१६,०००, खर्च १२,०५,०००, शिल्लक ११,०००

शिल्लक ३ लाखांवरून ११ हजारांवर आली, २,८९,००० ची घट. त्यातले २,२८,००० नग कमी झाल्यामुळे (२,४०० नग, नगामागे १६० वजा ६५ म्हणजे ९५). उरलेले ६१,००० शॉपमध्ये जास्त खर्च झाल्यामुळे. आणि याच महिन्याच्या खर्चाच्या रिपोर्टात '९५,००० वाचले' असं लिहिलेलं होतं!

जुना_प्लांटहेड काका, तुमचा मुद्दा मान्य. मधला रकाना एकटा ठेवला तर २,२८,००० गायब होतात. पण पहिला आणि तिसरा एवढेच ठेवले तर ६१,००० गायब होतात. म्हणून तिन्ही शेजारी शेजारी हवेत असं मला वाटतं.

जुना_प्लांटहेड

असे तीन रकाने असतील तर माझी हरकत नाही. पण मग पहिल्या दोन रकान्यांतल्या फरकाखाली एका माणसाचं पद लिहा. २,२८,००० कोणाचे? विक्रीचे, प्लॅनिंगचे की ग्राहकाचे? ते लिहिलं नाही तर दर महिन्याला सगळे मिळून 'बाजार मंद आहे' म्हणतील आणि चहा पिऊन उठतील.

लोकलची_गर्दी

चहावरून आठवलं. कँटीनचा चहा फिक्स्ड (ठरलेला खर्च) की व्हेरिएबल (हलणारा)? आमच्याकडे यावर अर्धी मीटिंग गेली होती, खरंच.

शिफ्ट_बी

कपावर बिल येत असेल तर हजेरीवर हलतो, नगांवर नाही. माणसं आली पण माल नाही, अशा दिवशी चहा उलट जास्तच जातो :D

लोकलची_गर्दी

हे मीटिंगमध्ये सांगणारा कोणी असता तर तासभर वाचला असता.

कोल्हापुरी_भट्टी

शिफ्ट_बी नी हसत हसत फार मोलाची गोष्ट सांगितली. खर्च कशावर हलतो, तेच ओळखलं नाही तर फ्लेक्झिबल बजेट स्टॅटिकपेक्षा जास्त दिशाभूल करतं.

मी फौंड्रीतला, गोकुळ शिरगाव. आमच्याकडे वीज हा जीव की प्राण. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट जातात. म्हणजे वीज टनावर हलते? अर्धीच. करार मागणीवरचे (वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीवरचे) डिमांड चार्जेस भट्टी थंड असली तरी येतात. दिवसाच्या कोणत्या वेळी वीज ओढली त्यावर दर बदलतो. मोल्डिंगची लाइन अडली की वितळलेला धातू भट्टीत धरून ठेवावा लागतो, त्या वेळची वीज जाते आणि टन मात्र एकही वाढत नाही. म्हणून कमी उत्पादनाच्या महिन्यात टनामागे युनिट हमखास वाढतात. ऑपरेटर तोच, भट्टी तीच.

आता खरा सापळा. फ्लेक्झिबल बजेट कोणत्या टनावर करायचं? आमच्याकडे आधी वितळवलेल्या टनावर करत. समजा १०० टन वितळवले. गेटिंग आणि रायझर (ओतकामात कास्टिंगला जोडून येणारा, नंतर कापून टाकायचा धातू) बाजूला ठेवा, पण त्यातल्या कास्टिंगमधलं बरंचसं रिजेक्ट होऊन परत भट्टीत गेलं. वितळवलेल्या टनावर बजेट दिलं, की त्या रिजेक्ट मालावर झालेला सगळा खर्च 'मंजूर' ठरतो. रिजेक्शन जितकं जास्त तितकं बजेट मोठं! आम्ही ते बदलून पास झालेल्या कास्टिंगच्या टनावर आणलं, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पैसा कुठे वितळतोय.

ताई, तुमच्याकडेही तपासा. नगांवर करताय ते बरोबर आहे, पण कोणी 'मशिन-तासांवर करू' म्हणालं तर प्रत्यक्ष चाललेले तास घेऊ नका. निघालेल्या चांगल्या नगांना प्रमाणानुसार किती तास लागायला हवे होते, ते घ्या. ७,६०० नगांचे २,२८० तास. मशिन २,६०० तास फिरलं म्हणून २,६०० तासांचं बजेट दिलंत तर जादा फिरलेले ३२० तास कायमचे लपले.

जमाखर्च

भट्टीदादा, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून टेबलावर लावतेय. आमच्या सिस्टीममधला रिपोर्ट प्रत्यक्ष मशिन-तासच उचलतो. उद्या बघते.

उसाचा_फड

स्टॅटिक बजेटचा सगळ्यात मोठा बळी कोण असेल तर साखर कारखाना. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्सला होतो.

गाळपाचं उद्दिष्ट हंगामाआधी ठरतं. सर्वसाधारण सभेपुढे अंदाजपत्रक जातं, ते एकाच आकड्यावर. मग ऊस किती येईल हे पावसावर, शेजारच्या कारखान्याने पळवापळवी किती केली त्यावर, आणि तोडणी टोळ्या किती आल्या त्यावर. सलग दुष्काळानंतर २०१६-१७ च्या हंगामात राज्याचं साखर उत्पादन आदल्या हंगामाच्या जवळपास निम्म्यावर आलं होतं. त्या वर्षी मंजूर अंदाजपत्रकाशी तुलना करून काय कळणार? सगळ्याच सदरांत 'बचत'. चुना, गंधक, पोती, वंगण, सगळं कमी. आणि कारखाना मात्र तोट्यात.

वर वर पाहता जे व्हेरिएबल वाटतं ते नसतं, याचं उदाहरण म्हणजे हंगामी कामगार. नावाने हंगामी, पण बिगरहंगामात त्यांना रिटेन्शन अलाउन्स (काम नसतानाचा भत्ता) द्यावा लागतो. गाळप १०० दिवस चालो की १५०, तो खर्च आहेच. ऑफ सीझनची दुरुस्तीही तशीच, मिल उघडून रोलर बघायचेच असतात, मग पुढच्या वर्षी ऊस असो नसो.

आणि उलट बाजू. ऊसपुरवठा तुटक झाला की मिल थांबते. थांबून परत चालू करताना बगॅस (उसाचा चोथा) जादा जळतं, कधी बाहेरून जळण आणावं लागतं. टनामागे खर्च वाढतो. साधं फ्लेक्झिबल बजेट हे पकडत नाही, कारण त्याला फक्त 'किती टन' कळतं, 'किती वेळा थांबून' ते कळत नाही. आम्ही शेवटी गाळपाचे टन आणि बंद तास असे दोन आकडे घेऊन बसायचो.

शिफ्ट_बी

किती टन नव्हे, किती वेळा थांबून. फडकाका, हेच माझ्या प्रेसशॉपचं दुखणं आहे. जमाखर्च ताई, तुमच्या त्या ७,६०० च्या महिन्यात सेटअप किती झाले बघा बरं. ट्रॅक्टरवाले शेड्यूल पाडतात तेव्हा एका प्रकाराचे ५०० नग पाडून १०० करतात, प्रकार काही कमी करत नाहीत. फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) तितक्याच वेळा बदलायचं, पहिला नग तितक्याच वेळा तपासायचा.

भोसरीकर_वर्कशॉप

सगळं वाचलं. मोठ्यांचं ठीक आहे, माझ्याकडे ११ माणसं आणि ५ मशिनं. मला एवढंच कळतं की १० तारखेला पगार आणि २० तारखेला जीएसटी. ग्राहकाचा चेक कधी येतो हेच माझं बजेट. हे फ्लेक्झिबल वगैरे आमच्यासारख्यांनी कशाला करायचं?

कॉस्टचे_काका

भोसरीकर, तुम्हीच करायचं, कारण तुमच्याकडे चूक झाकायला दुसरा विभाग नाही. आणि ते एका पानावर होतं.

मी ३५ वर्षं कॉस्ट अकाउंटिंग केलं, आता निवृत्त. तुमच्यापुरतं सांगतो. खर्चाची यादी करा. प्रत्येक ओळीपुढे विचारा, 'उद्या एकही जॉब आला नाही तरी हे द्यावं लागेल का?' हो असेल तर एका बाजूला, नाही तर दुसऱ्या. दोन्हीकडे पाय असलेल्या ओळी, म्हणजे वीज, देखभाल, फोन, वाहतूक, यांच्यासाठी मागच्या दोन वर्षांची बिलं काढा आणि उत्पादनासमोर ठिपके टाकून आलेख काढा. रेषा डोळ्यांना दिसते.

इथेच परीक्षेला जाणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. पुस्तकात हाय-लो पद्धत असते, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी उत्पादनाचे दोन महिने घ्यायचे, खर्चातल्या फरकाला उत्पादनातल्या फरकाने भागायचं, की नगामागचा खर्च मिळतो. सोपी आहे, पण कमी उत्पादनाचा महिना म्हणून एप्रिल २०२० उचललात तर सगळं फसतं. त्या महिन्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीची देशांतर्गत विक्री शून्य होती. शॉप बंद असतानाचा खर्च वेगळ्याच जातीचा असतो. रेषा तुम्ही नेहमी ज्या टप्प्यात काम करता त्या टप्प्यापुरतीच खरी. भोसरीकरांची ५ मशिनं दोन शिफ्टमध्ये चालतात तोवर एक रेषा. तिसरी शिफ्ट लावली की नवा सुपरवायझर, रात्रीची गाडी, नवा वॉचमन, आणि रेषा एक पायरी वर चढते.

भोसरीकर_वर्कशॉप

काका, रविवारी यादी काढतो. पण याने माझा फायदा काय?

कॉस्टचे_काका

दर देताना. काम कमी असलं की तुम्ही काय करता? महिन्याचा सगळा खर्च भागिले निघालेले नग, आणि म्हणता 'आता आमचा नग महाग पडतो'. मग दर वाढवून सांगता, ग्राहक जातो, नग आणखी कमी होतात, नग आणखी महाग पडतो. वरच्या ताईंच्याच आकड्यांनी बघा. ठरलेला साडेसहा लाखांचा खर्च १०,००० नगांवर ६५ रुपये पडतो, ७,६०० वर ८५ च्या वर. नग तोच, मशिन तेच. हे २० रुपये रिकाम्या मशिनचे आहेत, त्या नगाचे नव्हेत.

अकाउंटिंग स्टँडर्डही हेच सांगतं. इन्व्हेंटरीच्या स्टँडर्ड २ मध्ये, जुन्यात आणि इंड एएस (नव्या भारतीय लेखा मानकां) मध्येही, स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, उत्पादन कमी झालं म्हणून नगावर जास्त चढवायचा नाही, असं आहे. उरलेला त्या त्या काळाचा खर्च. दर देताना हीच शिस्त पाळा.

भोसरीकर_वर्कशॉप

हे मात्र पटलं. मागच्या दिवाळीनंतर एक चांगला ग्राहक असाच गेला.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत कंट्रोलिंगमध्ये (खर्चाचं नियोजन आणि नियंत्रण) काम करतो. इथल्या कारखान्यांत हा वाद फारसा ऐकू येत नाही, कारण युद्धानंतरच्या काळात प्लाउट आणि किल्गर या दोघांनी याची अख्खी पद्धतच बसवून दिली. प्रत्येक कॉस्ट सेंटरचा (ज्याचा खर्च वेगळा मोजतात त्या विभागाचा) खर्च स्थिर आणि हलता असा आधीच फोडायचा, आणि महिनाअखेर प्रत्यक्ष कामावर मोजायचा.

@जमाखर्च, तुमच्याकडे सॅप (कंपनीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे का? असेल तर आयटीला विचारा. कॉस्ट सेंटर रिपोर्टमध्ये प्लॅन आणि अ‍ॅक्च्युअलबरोबर टार्गेट कॉस्ट असा रकाना मिळतो, तो म्हणजे तुमचा मधला रकाना. प्लॅनिंग करताना खर्च स्थिर आणि हलता असा वेगळा भरला पाहिजे ही अट. बऱ्याच ठिकाणी सगळाच स्थिर म्हणून भरून टाकतात, मग टार्गेट आणि प्लॅन सारखेच येतात आणि लोकांना वाटतं हा रकाना निरुपयोगी आहे.

जमाखर्च

सॅपच आहे. आणि तुम्ही म्हणता तसंच भरलंय, सगळं स्थिर. रकाना समोर होता आणि सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करत होते! खूप आभार.

रात्रपाळी

एक मूलभूत हरकत. फ्लेक्झिबल बजेट महिना संपल्यावर कळतं. शॉपच्या माणसाला १ तारखेला हातात काय द्यायचं? प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात ते चूक नाही.

कोल्हापुरी_भट्टी

१ तारखेला दर द्यायचा, बेरीज नाही. 'चांगल्या नगामागे टूलिंग १८, कूलंट ७' हे त्याला आधीच ठाऊक असलं की रोज संध्याकाळी तो स्वतः गुणाकार करू शकतो. आमच्या भट्टीपाशी पाटीवर टनामागचे युनिट रोज खडूने लिहितात. पेपर आधीच फुटलेला आहे, फक्त नग मोजायचे बाकी असतात.

रात्रपाळी

हे मान्य. पण १२,००० नगांच्या महिन्याचं काय? ३,६०० तास लागले असणार आणि ताईंकडे दोन शिफ्टमध्ये ३,००० च आहेत. म्हणजे ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला कायद्याप्रमाणे दुप्पट दर. मग नगामागे २५ रुपये कामगार हा दर तिथे लागू कसा होईल? कॉस्टच्या काकांची पायरी इथे आहे.

जमाखर्च

बरोबर पकडलंत. त्या महिन्यात ओव्हरटाइमपोटी नेहमीपेक्षा ४८,००० जास्त गेले, ते १४,०५,००० मध्ये धरलेले आहेत. तरीही एकूण खर्च फ्लेक्झिबलपेक्षा २५,००० कमी. म्हणजे बाकी सदरांत मिळून ७३,००० कमी लागले. ते कुठून आले हे शोधते. शिफ्ट_बी दादांनी सुचवलेला सेटअपचा धागाही धरतेय.

आयएसओ_मामा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एकशेसाठ_रुपये

अवांतर: स्वीडनच्या हँडल्सबँकेने १९७० च्या दशकातच वार्षिक बजेट करणं बंद केलं आणि बँक उत्तम चालली. सगळं बजेटच काढून टाकलं तर?

जुना_प्लांटहेड

बँकेला कास्टिंग आणि इन्सर्ट तीन महिने आधी मागवावे लागत नाहीत. शॉपला लागतात.

जमाखर्च

मंडळी, आकडे मिळाले. शॉपच्या इन्चार्जबरोबर बसून लॉगबुकमधून सेटअप मोजले.

बजेटमध्ये महिन्याला ४० सेटअप गृहीत होते. ७,६०० नगांच्या महिन्यात झाले ५८! १२,००० च्या महिन्यात फक्त ३६, कारण ग्राहकाने मोठे लॉट दिले होते. एका सेटअपला कंत्राटी माणसाचा वेळ, ट्रायलमध्ये जाणारे इन्सर्ट, सगळं धरून १,५०० रुपये पडतात. म्हणजे बजेटातले ६०,००० मुळात सेटअपचे होते आणि आम्ही ते नगामागे ६ रुपये म्हणून पसरले होते. ते वेगळे काढले की नगामागे ५९, सेटअपमागे १,५००, आणि ठरलेले साडेसहा लाख. १०,००० नग आणि ४० सेटअपला बेरीज तीच १३,००,०००.

आता ७,६०० नग, ५८ सेटअप : ४,४८,४०० + ८७,००० + ६,५०,००० = ११,८५,४००. प्रत्यक्ष १२,०५,०००. फरक १९,६०० जास्त. म्हणजे आधीच्या ६१,००० पैकी ४१,४०० शेड्यूल तुकड्यांत आल्यामुळे होते, त्यात शॉपचा काही दोष नाही.

१२,००० नग, ३६ सेटअप : ७,०८,००० + ५४,००० + ६,५०,००० = १४,१२,०००. प्रत्यक्ष १४,०५,०००. फरक ७,००० कमी, तेही ४८,००० ओव्हरटाइम पोटात घेऊन. म्हणजे सेटअप कमी झाल्याचे १८,००० बाजूला काढले तरी शॉपने टूलिंग आणि बाकीच्यात ५५,००० वाचवले. लॉट लांब चालला की इन्सर्टची प्रत्येक कड पूर्ण वापरून होते, असं इन्चार्ज म्हणाले.

आणि ज्या महिन्याबद्दल इन्चार्जकडे लेखी खुलासा मागितला होता, तो हाच. मी तीन रकान्यांचा तक्ता जोडून खुलाशाचं उत्तर त्यांच्याबरोबर मिळून लिहिलं. फायनान्सच्या साहेबांना २,८९,००० ची फोड दाखवल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'हे ४१,४०० ग्राहकाकडून मागता येतील का?' मंजूर बजेटला त्यांनी हात लावू दिला नाही, पण मधला रकाना पुढच्या महिन्यापासून रिपोर्टात येणार.

शिफ्ट_बी

जियो ताई! त्या इन्चार्जना माझा नमस्कार सांगा. १८ जादा सेटअप केलेल्या पोरांना त्या महिन्यात काय वाटलं असेल ते मला माहीत आहे.

जुना_प्लांटहेड

४१,४०० पूर्ण मागू नका, मिळणार नाहीत. कमी सेटअपच्या महिन्यात तुम्ही परत देणार आहात का, असं ग्राहक विचारेल. त्यापेक्षा दराच्या पुढच्या बोलणीत किमान लॉटची अट घाला : इतक्या नगांच्या खाली लॉट आला तर सेटअपचा दर वेगळा. लॉगबुकच्या प्रती बरोबर न्या. खरेदीचा माणूस आकड्यांशी भांडतो, पण सही असलेल्या लॉगबुकशी फार वेळ भांडत नाही.

कॉस्टचे_काका

आणि १,५०० हा दर इन्सर्टची किंमत बदलेल तसा बदलेल. वर्षातून निदान दोनदा नव्याने मोजा, तेही लॉगबुकवरूनच, जुन्या शीटवरून नको.

भोसरीकर_वर्कशॉप

किमान लॉटची अट मी पण घालणार. ताई, तो तीन रकान्यांचा तक्ता इथे टाकता का? कंपनीचे आकडे काढून, नुसता साचा.

जमाखर्च

शनिवारी टाकते. कोल्हापुरी_भट्टी दादा, त्यात 'चांगले नग' आणि 'रिजेक्ट' अशा दोन वेगळ्या ओळी ठेवतेय, एकदा नजर टाका.